जव्हार–मोखाडें प्रांताच्या इतिहासाचीं साधनें आणि मुंबई विद्यापीठाचें ग्रंथालय

इतिहास हा राजधान्यांचा असतो, खेड्यांना इतिहास नसतो, अशी एक समजूत पुष्कळांच्या मनांत नकळत घर करून बसलेली आढळते. ही समजूत खरी नाहीं. खरें इतकेंच कीं, राजधानीचीं साधनें एके ठिकाणीं रचून ठेवलेलीं सांपडतात. खेड्याचीं साधनें दहा ठिकाणीं, दहा नांवांखालीं पांगलेलीं असतात. तीं गोळा करणारा कोणी पुढें आला नाहीं, तर कालांतरानें ‘या गांवास इतिहासच नव्हता’ असा उलटा निकाल लागतो, आणि तो निकाल खोडून काढणें मग फार जड जातें.

जव्हार तालुक्यांतील साखरशेतासारख्या गांवच्या एखाद्या विद्यार्थ्यानें आपल्या प्रांताचा इतिहास लिहावयाचें मनांत आणलें, तर त्यानें प्रथम कोणत्या ग्रंथालयांत जावें, तेथें काय मागावें, जें मिळेल तें कितपत खरें मानावें, आणि जें तेथें मिळणार नाहीं तें कोठें शोधावें, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. मध्यभागीं आम्हीं मुंबई विद्यापीठाचें ग्रंथालय धरलें आहे. पूर्वीचा ठाणें जिल्हा या विद्यापीठाच्या कक्षेंत होता, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं त्यांतून निराळा झालेला पालघर जिल्हाहि त्याच कक्षेंत आहे. तेव्हां या डोंगरी प्रांतांतील विद्यार्थ्याचा त्या ग्रंथालयावर अधिकार आहे. तो त्यानें बजावावा एवढेंच उरतें.

(१) ग्रंथालयाची स्थापना व वास्तु

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजीं झाली. ग्रंथालयास स्वतःची वास्तु मिळण्यास मात्र वीसबावीस वर्षें लागलीं. १८६४ सालीं, कापसाच्या तेजीच्या भरांत, शेठ प्रेमचंद रायचंद यांनीं ग्रंथालयाच्या इमारतीसाठीं दोन लाख रुपये दिले व पाठोपाठ मनोऱ्यासाठीं आणखी दोन लाख दिले. मनोऱ्यास आपल्या मातोश्रींचें, राजाबाईंचें, नांव द्यावें एवढी त्यांची इच्छा होती. इमारतीचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनीं विलायतेंत बसूनच तयार केला. ते मुंबईस कधीं आले नाहींत. १ मार्च १८६९ रोजीं कोनशिला बसली, नोव्हेंबर १८७८ मध्यें २८० फूट उंचीचा मनोरा पुरा झाला, आणि १८८० च्या फेब्रुवारींत ग्रंथालय वाचकांस खुलें झालें. अलीकडे या वास्तूचा जीर्णोद्धार होऊन तें काम २०१५ सालीं पुरें झालें, आणि २०१८ सालीं मुंबईच्या ज्या वास्तुसमूहास जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांत तिचीहि गणना झाली. कलिना येथील विद्यानगरींत विद्यापीठाचें दुसरें मोठें ग्रंथालय, जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, आहे. संशोधकानें दोन्ही ठिकाणच्या याद्या पाहाव्या. एका ठिकाणीं नाहीं म्हणून ग्रंथ विद्यापीठांतच नाहीं, असें समजूं नये.

(२) हस्तलिखितांचे संग्रह

या ग्रंथालयाचा खरा विशेष म्हणजे त्याचे हस्तलिखितसंग्रह. हे संग्रह बहुतेक देणग्यांतून वाढलेले असल्यामुळें दात्यांच्या नांवांनीं ओळखले जातात, आणि त्यांच्या वर्णनात्मक याद्या विद्यापीठानें वेळोवेळीं छापून काढल्या आहेत. अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांची यादी खानबहादूर शेख अब्दुल कादिर सरफराज यांनीं केली; ती १९३५ सालीं प्रसिद्ध झाली. भगवतसिंहजी संग्रह व ह. म. भडकमकर संग्रह यांतील संस्कृत व प्राकृत पोथ्यांची यादी गो. वि. देवस्थळी यांनीं केली. ती १९४४ सालची. ‘गुजराती’ पत्राचे संस्थापक इच्छाराम सूर्यराम देसाई यांच्या नांवें असलेल्या संग्रहाची यादी ह. दा. वेलणकर यांनीं केली व ती १९५३ सालीं बाहेर पडली. याच वेलणकरांनीं टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीच्या संस्कृत–प्राकृत पोथ्यांचीहि यादी त्यापूर्वीं केलेली होती. दोन्ही संस्थांच्या याद्या एकमेकींशेजारीं ठेवून वाचल्यास मुंबईंतील पोथ्यांच्या भांडाराची बरीचशी कल्पना येते.

आतां जव्हारच्या अभ्यासकास या पोथ्यांचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी करील. आम्ही स्पष्टच सांगतों कीं, यांतील एखाद्या रुमालांत जव्हारची बखर बांधून ठेवलेली मिळेल अशी आशा धरून कोणी जाऊं नये. या याद्यांचा पहिला उपयोग वेगळाच आहे. हस्तलिखिताचें वर्णन कसें करावें, याचा त्या उत्तम धडा आहेत. पोथीची लांबी-रुंदी, पानें, पानावरील ओळी, आरंभ व शेवट, लेखनकाल, लेखनिकाचें नांव, पोथी कोणाकडून आली ही हकीकत, इतक्या गोष्टी टिपल्यावांचून पोथीचें वर्णन पुरें होत नाहीं. ज्यानें या याद्या मन लावून वाचल्या, त्याच्या हातीं उद्यां गांवांतल्या एखाद्या घरची जुनी सनद अथवा मोडी कागद पडला, तर त्याचें काय करावें हें त्यास विचारावें लागणार नाहीं. दुसरा उपयोग फारसीचा. जव्हारच्या राजघराण्याची कथा दिल्लीच्या सुलतानापाशीं जाऊन भिडते हें पुढें येईलच; त्या काळाविषयीं बोलूं पाहणारास फारसी ग्रंथांची तोंडओळख तरी असलीच पाहिजे.

(३) छापील साधनें आणि त्यांची पारख

प्रत्यक्ष माहितीच्या दृष्टीनें सर्वांत उपयुक्त तीं सरकारी प्रकाशनें. त्यांत पहिला मान जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखालीं तयार झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरांतील तेराव्या खंडाचा. ठाणें जिल्ह्याचा हा खंड १८८२ सालीं दोन भागांत निघाला. जमीन, जंगल, जाति, व्यापार आणि इतिहास असा त्याचा विस्तार आहे, आणि जव्हार संस्थानाचें वर्णनहि त्यांतच आहे. महाराष्ट्र शासनानें हीं जुनीं गॅझेटिअरें आतां संगणकावर वाचतां येतील अशीं करून ठेविलीं असल्यामुळें तीं पाहण्यासाठीं मुंबईपर्यंत येण्याचीहि गरज उरलेली नाहीं.

परंतु गॅझेटिअर म्हणजे वेदवाक्य नव्हे. एक उदाहरण घेऊं. जव्हारच्या राज्याची मूळकथा अशी सांगतात कीं, जयबा मुकणे या महादेव कोळी पुरुषानें येथील धन्यापाशीं बैलाच्या एका कातड्यांत मावेल एवढीच जमीन मागितली, आणि ती कबूल होतांच कातड्याच्या बारीक वाद्या काढून त्यांनीं सारा मुलूख वेढून घेतला. ही कथा इंग्रज लेखकांनीं नोंदवितांना तिला ताबडतोब कार्थेजच्या डिडो राणीच्या कथेची जोड दिली. कारण तीहि बैलाच्या कातड्याचीच आहे. वाचणारा येथें सहज फसतो. ‘ही तर जगभर फिरणारी दंतकथा’ असें म्हणून तो पान उलटतो, आणि त्याच मजकुरांतील खरी वजनदार गोष्ट त्याच्या नजरेंतून निसटते. ती गोष्ट ही कीं, कोळी घराण्यापूर्वी, इ. स. १२९४ पर्यंत, म्हणजे दख्खनवर मुसलमानांची पहिली स्वारी झाली तोंपर्यंत, जव्हार एका वारली सरदाराकडे होतें, असें इंपीरिअल गॅझेटिअर सांगतें. कातड्याची कथा ही घेणाराच्या घरीं जतन झालेली कथा आहे. ज्याच्या हातून मुलूख गेला त्या वारल्याच्या घरीं ती कशी सांगतात, हें विचारावयास कोणी गेलें होतें काय? साखरशेतच्या विद्यार्थ्यास ग्रंथालयांत हें उत्तर मिळणार नाहीं; पण हा प्रश्न मात्र ग्रंथालयांतच सांपडेल.

दुसरें उदाहरण तिथीचें. जयबाच्या मुलास, नीमशहास, दिल्लीच्या सुलतानाकडून राजेपणाची मान्यता मिळाली, त्याच्या ताब्यांत बावीस किल्ले व नऊ लाखांचा मुलूख होता, आणि ५ जून १३४३ या दिवसापासून संस्थानांत शक धरला गेला, असा मजकूर गॅझेटिअरांत येतो. त्या वेळीं दिल्लीच्या तख्तावर महंमद तुघलक होता, त्याचा अंमल दख्खनवर होता. म्हणजे काळाचा मेळ बसतो. पण मेळ बसणें निराळें आणि सिद्ध होणें निराळें. संस्थानानें पाळलेला शक हा घराण्याच्या परंपरेचा चांगला पुरावा आहे. सुलतानाच्या फर्मानाची अस्सल प्रत अथवा विश्वसनीय नक्कल ही त्याहून वरच्या प्रतीची वस्तु होय. कोणतें विधान कोणत्या प्रतीच्या पुराव्यावर उभें आहे, हें प्रत्येक ठिकाणीं नोंदवून ठेवण्याची संवय नव्या अभ्यासकानें आरंभापासून लावून घ्यावी.

गॅझेटिअरच्याहि आधीं कॅप्टन मॅकिंटॉश यांनीं महादेव कोळ्यांविषयीं लिहिलेला विस्तृत वृत्तांत १८३६–३७ च्या सुमारास विद्वत्सभांच्या नियतकालिकांतून छापला गेला. मॅकिंटॉश हे कोळ्यांचीं बंडें मोडण्याच्या कामावर असलेले लष्करी अंमलदार. त्यांची माहिती जवळून घेतलेली असली तरी ती बंदोबस्त करणाराच्या दृष्टीची आहे, हें विसरतां कामा नये. पुढें विद्यापीठांतच या विषयाला निराळें वळण लागलें. १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत पॅट्रिक गेडीस यांच्या हाताखालीं समाजशास्त्राचा विभाग निघाला, आणि १९२४ पासून गो. स. घुर्ये यांनीं तो वाढविला. आदिवासींविषयीं त्यांचा वादग्रस्त ग्रंथ १९४३ सालीं निघाला. ‘द महादेव कोळीज’ हा खास याच जमातीवरील ग्रंथ १९५७ सालचा. वारल्यांवर के. जे. सावे यांचें ‘द वारलीज’ हें पुस्तक १९४५ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं ठाणें जिल्ह्यांत वारल्यांचा वेठबिगारीविरुद्ध उठाव झाला, आणि त्याची हकीकत त्यांत स्वतः वावरलेल्या गोदावरी परुळेकर यांनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या ग्रंथांत दिली. अंमलदार, प्राध्यापक आणि चळवळींतील कार्यकर्ती अशा तीन दृष्टींनीं हीं पुस्तकें लिहिलेलीं आहेत. तीं एकत्र मांडून वाचावीं. एकेकटें वाचल्यास प्रत्येक कांहींतरी झांकून ठेवतें.

विद्यापीठास सादर झालेले प्रबंध हा याच ग्रंथालयाचा आणखी एक विशेष संग्रह. छापून न निघालेले प्रबंध ग्रंथविक्रेत्याकडे कधींच मिळत नाहींत, आणि खेड्याखेड्यांतून गोळा केलेली माहिती पुष्कळदां त्यांतच पडून असते. अलीकडच्या प्रबंधांपैकीं बरेच ‘शोधगंगा’ या देशव्यापी भांडारांत संगणकावर वाचावयास मिळतात. जुन्यांसाठीं मात्र ग्रंथालयांत जाऊन यादी चाळावी लागते. विद्यापीठाचें स्वतःचें ‘जर्नल’ १९३२ पासून निघूं लागलें. त्याचे जुने अंकहि नजरेखालून घालावे.

भाषेच्या अभ्यासकास ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीचा सातवा खंड (१९०५) पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. मराठीच्या या खंडांत वारली, कातकरी या बोलींचे नमुने दिले आहेत. पण तेथेंहि सावधगिरी हवी. पाहणींत ठिकठिकाणीं बायबलांतील उधळ्या मुलाच्या कथेचें भाषांतर करून घेतलेलें असे. तो बोलीचा नमुना खरा; त्या लोकांच्या स्वतःच्या गोष्टींचा नव्हे. भाषांतर करतांना बोलणारा आपल्या नेहमींच्या वाक्यरचनेपासून किती सरकला असेल, याचा अंदाज घेण्यास त्याच बोलींत जन्मलेला वाचकच पाहिजे. साखरशेतचा विद्यार्थी येथें शिकाऊ राहत नाहीं, तो परीक्षक होतो.

(४) सीमेचा घोटाळा

या प्रांताच्या साधनांविषयीं एक गोष्ट ध्यानांत न घेतल्यास महिनोगणती श्रम फुकट जातात. आज जव्हार आणि मोखाडें हे शेजारचे दोन तालुके आपण एका दमांत उच्चारतों. देश स्वतंत्र होईपर्यंत मात्र त्यांच्यामधून राज्याची सीमा जात होती. जव्हार हें मुकणे घराण्याचें संस्थान; १९०८ च्या सुमारास निघालेल्या इंपीरिअल गॅझेटिअरांत त्याचें क्षेत्रफळ ३१० चौरस मैल व १९०१ सालची लोकसंख्या ४७,५३८ अशी दिली आहे. मोखाडें हा ब्रिटिश ठाणें जिल्ह्यांतील पेटा. १९४८ सालीं, यशवंतराव महाराजांच्या कारकीर्दीच्या अखेरीस, संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें व मग दोन्ही भाग एकाच जिल्ह्यांत आले.

या सीमेचा परिणाम कागदांवर कसा झाला तें पाहावें. १९३६ च्या हुकुमान्वयें मुंबई प्रांतांतील जे डोंगरी भाग अंशतः वगळलेलीं क्षेत्रें म्हणून ठरले, त्यांत ठाणें जिल्ह्यांतील डहाणू व शहापूर तालुके आणि मोखाडें व उंबरगांव पेटे होते. या क्षेत्रांतील आदिवासींच्या स्थितीची चौकशी डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे सोंपविण्यांत आली. त्यांचा अहवाल १९३९ सालीं प्रसिद्ध झाला. कर्ज, वेठ, जंगल, दारू या बाबतींत तो अहवाल म्हणजे अत्यंत महत्त्वाचें साधन होय. पण मोखाड्याचा वारली त्या चौकशीच्या कक्षेंत होता, आणि ओढ्यापलीकडचा जव्हारचा वारली नव्हता. कारण तो संस्थानी प्रजा. दोघांचीं घरें सारखीं, देव सारखे, सोयरिकी एकमेकांत. तरी एकाची दैना सरकारच्या छापील अहवालांत नोंदली गेली व दुसऱ्याची त्या अहवालाबाहेर राहिली. म्हणून आपलें गांव १९४८ पूर्वीं कोणाच्या अंमलाखालीं होतें, हा प्रश्न प्रत्येक अभ्यासकानें प्रथम सोडवावा. आजच्या तालुक्याच्या नांवावरून तो सुटला असें मानूं नये. जुना नकाशा काढून खात्री करून घ्यावी. गांव ब्रिटिश मुलखांत असेल तर जिल्ह्याच्या पाहणीचे व जमाबंदीचे अहवाल पाहावे. संस्थानांत असेल तर संस्थानचे कागद व राजकीय खात्याचीं दप्तरें पाहावीं.

(५) नांवांचा घोटाळा

ग्रंथालयांत बसल्यावर दुसरी अडचण येते ती नांवांची. जव्हार हें नांव जुन्या इंग्रजी कागदांत तीनचार तऱ्हांनीं लिहिलेलें आढळतें. मधला हकार गळाला कीं तें थेट ज्वारीच्या धान्यासारखें दिसूं लागतें. वारली हा शब्द गॅझेटिअरांत एका इंग्रजी अक्षरानें आरंभ होतो व सावे यांच्या पुस्तकांत दुसऱ्या; त्यामुळें वर्णानुक्रमाच्या सूचींत ते दोन अगदीं शेजारीं राहत नाहींत. महादेव कोळी हें नांव मॅकिंटॉश ‘म्हादेव’ असें लिहितात. शहापूर–मोखाड्याकडील डोंगराळ भागास जुन्या कागदांत कोळवण म्हणतात. २०१४ पूर्वींचें सर्व लिखाण ठाणें जिल्ह्याखालीं लागतें. पालघर या शब्दाखालीं शोधणारास तें दिसणार नाहीं. खुद्द विद्यापीठाचें इंग्रजी नांवहि १९९६ सालीं बदललें. जुन्या याद्या जुन्याच नांवाखालीं आहेत. तेव्हां शोधावयास बसण्यापूर्वीं आपल्या गांवाचीं, तालुक्याचीं व जमातींचीं सर्व रूपें एका कागदावर लिहून काढावीं व प्रत्येक रूप सूचींत पाहावें. हें काम कंटाळवाणें आहे. पण ‘कांहीं सांपडलें नाहीं’ असें म्हणण्याचा अधिकार तें केल्यावरच येतो.

मराठी पुस्तकांसाठीं शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हाताशीं असावी. तिचा पहिला खंड १८०० ते १९३७ पर्यंतच्या व दुसरा १९५० पर्यंतच्या पुस्तकांचा आहे. एका माणसानें एवढें काम केलें, हें पाहून नवख्याला धीरहि येईल.

(६) ग्रंथालयाबाहेर

विद्यापीठाचें ग्रंथालय हें दार आहे, घर नव्हे. तेथून पुढें कोठें जावें तें संक्षेपानें सांगतों. १९५४ च्या कायद्यान्वयें देशांत छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या ग्रंथालयांस मिळावयाची, त्यांत मुंबईच्या टाउन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय आहे. तेव्हां विद्यापीठांत न मिळालेलें पुस्तक तेथें विचारावें. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें, म्हणजे जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणचें जुनें मराठी भांडार. संस्थानविषयक सरकारी पत्रव्यवहारासाठीं मुंबईंतील राज्य पुराभिलेख संचालनालय व दिल्लीचें राष्ट्रीय अभिलेखागार हीं दोन ठिकाणें. दिल्लीच्या कागदांपैकीं पुष्कळ ‘अभिलेख पटला’वर घरबसल्या पाहतां येतात.

मराठेशाहीच्या काळासाठीं पुण्याकडे वळावें लागतें. शिवाजी महाराजांच्या सैन्यानें मोरोपंत पिंगळ्यांच्या हाताखालीं जून १६७२ मध्यें जव्हार घेतलें, विक्रमशहा मोंगली मुलखांत गेला, आणि पाठोपाठ रामनगरहि मराठ्यांच्या हातीं आलें. सुरतेकडील वाट त्यामुळें मोकळी झाली, आणि सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांस धास्ती पडली. त्यांचीं पत्रें १९३१ सालीं पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानें छापलेल्या इंग्रजी कागदपत्रांच्या संग्रहांत पाहावीं. रामनगरच्या राजास दमण प्रांतांतील गांवांकडून चौथ मिळत असे; रामनगर जिंकल्यावर ती मराठ्यांनीं मागितली, म्हणून हें प्रकरण पोर्तुगीज दप्तरांतहि उतरलें, आणि गोव्याचें दप्तरखानें, जें १५९५ सालीं दिओगु द कोउतु याच्या हाताखालीं सुरू झालें, तेंहि आपल्या यादींत घ्यावें लागतें. पेशवाईसाठीं गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत छापलेले पेशवे दप्तराचे पंचेचाळीस भाग आरंभीं चाळावे, व मग मूळ दप्तराकडे जावें. मोडी येत नसेल तर तें शिकावें. दुसऱ्याच्या डोळ्यांनीं वाचलेला कागद अर्धाच वाचलेला असतो.

(७) हा खटाटोप कशासाठीं

इतके कष्ट घेऊन शेवटीं काय पदरांत पडावयाचें, असें विचारणारास एरवीं आम्ही ज्ञानाचें महत्त्व सांगून थांबलों असतों. या प्रांताच्या बाबतींत मात्र उत्तर अधिक रोकडें आहे. वननिवासींचे हक्क मान्य करणारा कायदा २००६ सालीं झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीचा हक्क त्यानें मानला. इतर पारंपरिक वननिवासींस तीन पिढ्यांचें, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचें, वास्तव्य दाखवावें लागतें. गांवानें मिळून भोगलेल्या हक्कांत पूर्वींच्या संस्थानांतून चालत आलेले हक्कहि त्या कायद्यानें स्पष्ट शब्दांत धरले आहेत. आणि २००८ च्या नियमांत पुरावा म्हणून काय चालेल याची जी यादी दिली आहे, तींत गॅझेटिअर, शिरगणती, जमाबंदीचे अहवाल, नकाशे, पूर्वींच्या संस्थानांनीं दिलेल्या सवलतींच्या नोंदी, नामांकित संस्थांनीं केलेले चालीरीतींचे अभ्यास, जुन्या विहिरी, दफनभूमि व देवस्थानें, जुन्या नोंदींतील माणसापर्यंत नेणारी वंशावळ, आणि वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब, इतक्या गोष्टी आहेत. निर्णय देतांना यांपैकीं एकाहून अधिक पुरावे विचारांत घ्यावे, असेंहि त्यांत आहे.

ही यादी वाचतांना आमच्या मनांत आलें तें असें. यांतील निम्मीं साधनें ग्रंथालयांत व दप्तरखान्यांत आहेत, आणि निम्मीं गांवांत आहेत. ग्रंथालयांतील निम्मीं गांवकऱ्यास ठाऊक नाहींत. गांवांतील निम्मीं संशोधकास ठाऊक नाहींत. दोहोंमध्यें येजा करणारा माणूस नसेल तर दोन्ही निरुपयोगी. अर्थात् हक्कासाठीं इतिहास वाकवावा असें आम्ही सुचवीत नाहीं. वाकवलेला पुरावा पहिल्याच उलटतपासणींत मोडतो व खऱ्या पुराव्यासहि सोबत घेऊन बुडतो. खरें तेंच शोधावें, तें कोठून घेतलें हें पानासह लिहून ठेवावें, आणि प्रतिकूल मजकूर सांपडला तर तोहि लपवूं नये. एखाद्या अहवालांत गांवाचा उल्लेख नाहीं, एवढ्यावरून गांव नव्हतें असें ठरत नाहीं, हें समोरच्यास पटवून देण्याचें कामहि अशाच काटेकोर अभ्यासकाचें आहे.

कागदाइतकेंच, किंबहुना कांकणभर अधिक, घाईचें काम वृद्धांच्या आठवणींचें आहे. १९४८ सालीं जें मूल दहा वर्षांचें होतें, त्यानें आज ऐंशी ओलांडली आहे. संस्थानी अंमलांत जंगलांतून काय आणतां येई, वेठ कशी द्यावी लागे, कोणत्या झऱ्यावर कोणत्या पाड्याचें पाणी होतें, हें आंखों-देखत सांगणारीं माणसें आतां हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं असतील. ग्रंथालयांतील पुस्तक पुढच्या वर्षींहि जागेवर मिळेल. या माणसांचें तसें नाहीं. त्यांचें म्हणणें त्यांच्याच बोलींत, त्यांच्याच शब्दांत, तारीख व सांगणाराचें नांव घालून, त्यांच्या संमतीनें उतरून घ्यावें, आणि त्याची एक प्रत गांवांतच ठेवावी.

तेव्हां या प्रांतांतील शिक्षक व विद्यार्थी यांस आमची विज्ञप्ति अशी. प्रत्येक शाळेनें आपल्या गांवापुरती एक वही घालावी. तिच्या एका बाजूस गांवांत मिळालेलें लिहावें, म्हणजे पाडे, विहिरी, देवांचीं ठिकाणें, कुळांचीं नांवें, ऐकीव हकीकती. दुसऱ्या बाजूस ग्रंथालयांत मिळालेलें लिहावें, ग्रंथ, साल व पान यांसह. दोन्ही बाजू जेथें जुळतात तेथें खूण करावी. जेथें जुळत नाहींत तेथें दोन खुणा कराव्या, कारण खरें संशोधन तेथूनच सुरू होतें. साखरशेतसारख्या गांवीं अशी एक वही भरली गेली, तर मुंबईच्या मनोऱ्याखालीं शेंदीडशें वर्षें जमा होत आलेल्या त्या भांडाराचा एक धागा या डोंगरांत येऊन पोंचला असें होईल. अशा वह्यांतून निघालेली कोणतीहि नवी माहिती, ती कितीहि लहान असो, या त्रैमासिकाकडे आल्यास तिला आम्ही आनंदानें जागा देऊं.